राहू कोणाला पाहतो? पत्रिकेतली राहू-केतूंची दृष्टी वाचायला शिकताना

नागपुरात कोणाच्याही घरी पत्रिका काढली की पहिला प्रश्न मंगळाचा आणि दुसरा राहूचा. "काका, राहू माझ्या सप्तमाला पाहून राहिला म्हणे, आता लग्नाचं काय होईल?" असं विचारणारी पोरं-पोरी हल्ली मोबाइलवरच पत्रिका दाखवतात. अ‍ॅपने लाल अक्षरांत 'राहू दृष्टी' असं छापलेलं असतं. ती दृष्टी कशी मोजली, कुठल्या अंशावर पडली, त्या जागी बसलेला ग्रह बळकट आहे की लेचापेचा, याचा पत्ता नसतो. लाल रंग पाहूनच निम्मी माणसं घाबरतात आणि उरलेली निम्मी उपाय विचारायला धावतात.

हा लेख ज्यांना बारा राशी, बारा स्थानं आणि राशींचे स्वामी पाठ आहेत, पण दृष्टीपाशी, म्हणजे एका घरातल्या ग्रहाचा दुसऱ्या घरावर मानला जाणारा प्रभाव वाचताना, अडायला होतं, त्यांच्यासाठी आहे. शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसा. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

१. पत्रिका बरोबर आहे ना?

हे कंटाळवाणं काम सगळे टाळतात आणि घोळ इथेच होतो. नागपूर पूर्व रेखांश ७९° ५′ वर, तर मुंबई ७२° ५०′ च्या आसपास. सव्वासहा अंशांचा हा फरक वेळेत धरला तर पंचवीस मिनिटांचा होतो. अ‍ॅपच्या यादीत काटोल किंवा उमरेड सापडलं नाही की लोक सरळ मुंबई टाकून मोकळे होतात.

त्याने काय बिघडतं ते आकड्यांत बघा. ५ मार्च १९९५, संध्याकाळी पाच वाजता, जन्म नागपुरात. नागपूर धरलं तर सिंह लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) येतं, साधारण तीन अंश. तीच वेळ ठेवून मुंबई धरलं तर लग्न कर्केच्या सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर जातं. ग्रहांच्या राशी जिथल्या तिथे राहतात, पण स्थानं सगळी एकेका घराने सरकतात. तुळेतला राहू एका पत्रिकेत तिसरा, दुसऱ्या पत्रिकेत चौथा. पुढचं सगळं दृष्टीचं गणित मग चुकीच्या घरात.

आजोबांची पत्रिका करत असाल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात आपल्याकडची घड्याळं तासभर पुढे होती. त्या काळातली लिहून ठेवलेली वेळ जशीच्या तशी घेतली तर बहुतेकदा लग्नच बदलतं.

अयनांश (राशिचक्राची सुरुवात वसंतसंपातापासून किती अंश पुढे धरायची तो आकडा) कोणते हेही पाहून घ्या. बहुतेक अ‍ॅपं आणि पंचांगं चित्रापक्षाची, म्हणजे लाहिरी अयनांश वापरणारी. टिळक पंचांगाचे अयनांश वेगळे, फरक सुमारे चार अंशांचा. घरातली जुनी पत्रिका टिळक पंचांगावरून केलेली आणि नवी अ‍ॅपवरची असेल, तर राशीच्या टोकाला असलेला राहू दोन कागदांवर दोन राशींत दिसू शकतो. शिवाय 'मध्यम राहू' (सरासरी गतीने काढलेला) आणि 'स्पष्ट राहू' (प्रत्यक्ष जागेचा) असे दोन पर्याय असतात. दोन्हींत जास्तीत जास्त दीड-पावणेदोन अंशांचा फरक पडतो. शिकताना मध्यम राहू घ्या आणि तोच धरून ठेवा.

२. राहू-केतू आकाशात कुठे असतात?

चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाला, पाच अंशांहून थोडी जास्त कललेली आहे. दोन्ही वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. चंद्र उत्तरेकडे चढतो तो राहू, दक्षिणेकडे उतरतो तो केतू. नागपुरात गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे. तिथे कधी क्रांतिवृत्ताची रेघ पडद्यावर दाखवली तर चंद्र तिच्या वर-खाली कसा होतो ते लक्ष देऊन बघा. पुस्तकातली दहा पानं वाचण्यापेक्षा ते बरं.

हे बिंदू उलटे चालतात, रोज सरासरी तीन कला अकरा विकला. एका राशीत साधारण दीड वर्ष, पूर्ण फेरी साडेअठरा वर्षांहून किंचित जास्त. दोघे कायम समोरासमोर, अंशाला अंश. ग्रहणं याच बिंदूंजवळ होतात. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण आठवत असेल. त्या रात्री चंद्र कुंभेत राहूजवळ होता आणि सूर्य सिंहेत केतूजवळ.

राहू-केतूंना ना पिंड, ना प्रकाश. म्हणूनच त्यांना छायाग्रह म्हणतात, आणि दृष्टीचा सगळा वाद इथूनच निघतो. ज्याला तेजच नाही तो बघणार कसा?

३. कोणती दृष्टी मानायची?

एकच उत्तर कोणी छातीठोकपणे देत असेल तर थोडं सावध राहा. लघुपाराशरीतला दृष्टीचा नियम सगळ्यांना पाठ असतो: सगळे ग्रह सातवं स्थान पाहतात, शनी शिवाय तिसरं आणि दहावं, गुरू पाचवं आणि नववं, मंगळ चौथं आणि आठवं. त्यात राहू-केतूंना वेगळी विशेष दृष्टी दिलेली नाही. त्यामुळे काही अभ्यासक त्यांना दृष्टीच मानत नाहीत, काही फक्त सातवी मानतात. बहुतेक ठिकाणी मात्र राहूला गुरूसारखी पाचवी, सातवी, नववी दृष्टी देतात, आणि बरेच जण तीच केतूलाही लावतात. काही परंपरा राहूला त्यात बारावी जोडतात.

जैमिनी पद्धतीत हा प्रश्न येतच नाही, कारण तिथे राशी राशीला पाहते. चर राशी (मेष, कर्क, तूळ, मकर) शेजारची सोडून बाकीच्या स्थिर राशींना (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) पाहते, स्थिर राशी शेजारची सोडून बाकीच्या चर राशींना, आणि द्विस्वभाव राशी एकमेकींना. राहू ज्या राशीत बसला त्या राशीची दृष्टी ती त्याची.

कृष्णमूर्ती पद्धतीवाल्यांचं तिसरंच. त्यांच्या लेखी राहू-केतू हे प्रतिनिधी. ज्याच्याशी युती (एका राशीत एकत्र बसणं), ज्याची त्यांच्यावर दृष्टी, ज्याच्या नक्षत्रात आणि ज्याच्या राशीत ते बसले, त्याचं काम ते करतात. तिथे राहू कोणाला पाहतो यापेक्षा राहूला कोण पाहतं याला जास्त किंमत. हा धडा कुठल्याही पद्धतीने शिकत असाल तरी उचलण्यासारखा आहे.

माझं मत विचाराल तर नवशिक्याने पाचवी-सातवी-नववी धरावी, बारावी बाजूला ठेवावी, आणि एका पत्रिकेत एकच पद्धत चालवावी. एका प्रश्नाला पाचवी दृष्टी, दुसऱ्याला बारावी, तिसऱ्याला जैमिनी असं केलं की मनात आधीच ठरवलेलं उत्तर कुठून तरी निघतंच.

राहू वक्री म्हणून त्याची दृष्टी उलट दिशेने मोजायची का, असा एक प्रश्न हटकून येतो. त्यावर भांडण्याआधी बोटांवर मोजून बघा. पाचवं स्थान उलट मोजलं की ते सरळ मोजलेलं नववं निघतं आणि नववं उलट मोजलं की पाचवं. सातवं कुठूनही सातवंच. म्हणजे पाच-सात-नऊ मानणाऱ्यांसाठी हा वाद उरतच नाही. बारावी मानणाऱ्यांनाच तो सोडवावा लागतो.

४. आता मोजा

वरचीच तारीख घेऊ, वेळ मात्र संध्याकाळी सहा. ही कोणा माणसाची पत्रिका नाही, सरावासाठी घेतलेली वेळ आहे. नागपूर, सिंह लग्न सतरा अंशांच्या आसपास. आपल्या महाराष्ट्रातल्या चौकटीत सगळ्यात वरच्या मधल्या घरात ५ लिहा आणि डावीकडून खाली उतरत आकडे भरत जा. घरातला आकडा राशीचा असतो, स्थानाचा नव्हे. पहिल्या आठवड्यात सगळे इथे गोंधळतात.

ग्रह असे बसतील: तिसऱ्या स्थानी तुळेत राहू, साडेचौदा अंश. चौथ्यात वृश्चिकेचा गुरू. सहाव्यात मकरेत बुध आणि शुक्र. सातव्यात कुंभेत रवी आणि शनी, दोघे वीस-एकवीस अंशांवर. नवव्यात मेषेत चंद्र आठ अंश आणि केतू साडेचौदा अंश. बाराव्यात कर्केचा वक्री मंगळ, एकवीस-बावीस अंश.

मोजताना ज्या राशीत ग्रह आहे ती पहिली धरायची. तूळ एक, वृश्चिक दोन, धनू तीन, मकर चार, कुंभ पाच. म्हणजे राहूची पाचवी दृष्टी कुंभेवर, सप्तम स्थानावर, तिथल्या रवी-शनीवर. सातवी मेषेवर. नववी मिथुनेवर, म्हणजे लाभस्थानावर, जिथे कोणीच नाही. आता केतू. मेष एक, तिथून पाचवी सिंह, म्हणजे थेट लग्न. सातवी तूळ. नववी धनू, म्हणजे पंचमस्थान, तेही रिकामं.

ही सगळी घरं पेन्सिलीने रंगवा आणि मग पूर्ण पत्रिकेकडे पाहा. मेष, मिथुन, सिंह, तूळ, धनू, कुंभ. एक सोडून एक, सहाच्या सहा विषम राशी रंगल्या. हा योगायोग नाही. राहू समोरासमोरच्या कुठल्याही जोडीत टाका, दोघांची स्वतःची घरं आणि पाचवी-सातवी-नववी मिळून नेहमी एकाआड एक सहा राशी भरतात. राहू विषम राशीत असेल तर सगळ्या विषम, सम राशीत असेल तर सगळ्या सम. जगातल्या प्रत्येक पत्रिकेत अर्धं राशिचक्र राहू-केतूंच्या नजरेखाली असतंच.

हे एकदा डोळ्यांनी दिसलं की त्या लाल अक्षरांचा धाक निम्मा उतरतो. बारापैकी सहा स्थानांवर राहू-केतूंची छाया प्रत्येकाच्याच पत्रिकेत असेल, तर 'सप्तमावर राहूची दृष्टी' ही बातमीच नव्हे. अशा पत्रिका गल्लोगल्ली सापडतील. दृष्टी फक्त कुठे बघायचं ते सांगते. तिथे काय आहे ते तुम्हाला इतर गोष्टींवरून काढावं लागतं.

५. सातवी दृष्टी वेगळी वाचू नका

राहूची सातवी दृष्टी जिथे पडते तिथे केतू बसलेलाच असतो. आपल्या नमुन्यात चंद्र केतूसोबत आहे. त्याच गोष्टीला 'चंद्रावर राहूची दृष्टी' असंही म्हणता येईल, पण ती दुसरी गोष्ट होत नाही. अ‍ॅप मात्र दोन्ही ओळी छापतं, 'चंद्र-केतू युती' आणि 'चंद्रावर राहू दृष्टी', आणि वाचणाऱ्याला चंद्र दोनदा पीडित झाल्यासारखा वाटतो. युती वाचा आणि सातवी खोडून टाका. नवी माहिती फक्त पाचव्या आणि नवव्या दृष्टीत असते.

६. अंश बघा

राशीने दृष्टी पडली म्हणजे ती तेवढ्याच जोराने पडली असं नाही. राहू तुळेत साडेचौदा अंशांवर आहे, तर त्याची पाचवी दृष्टी कुंभेच्या साडेचौदा अंशांवर नेमकी लागते. रवी-शनी वीस-एकवीस अंशांवर, म्हणजे सहा अंशांचं अंतर. हे ठीकठाक जवळ. पाच-सहा अंशांच्या आत असेल तर मी दृष्टी ठळक धरतो, दहा-बारांच्या पुढे गेली की फारसं बोलत नाही. पराशरी पद्धतीत राशी ते राशी दृष्टी पूर्ण मानणारेही आहेत, पण शिकणाऱ्याने अंश लिहायची सवय लावलेली बरी. नुसत्या राशीवर भिस्त ठेवली की सगळंच सारखं महत्त्वाचं वाटायला लागतं.

७. घरमालक कोण, आणि राहूकडे कोण बघतं?

राहूचं स्वतःचं घर नाही, तो भाड्याने राहतो, तेव्हा घरमालकाचा स्वभाव पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलू नये. कुंभेवर राहूचा आणि वृश्चिकेवर केतूचा सहस्वामित्वाचा हक्क सांगणारे आहेत. राहूची उच्च राशी वृषभ की मिथुन यावरही एकमत नाही. हे वाद नंतरसाठी ठेवा.

नमुन्यात राहू तुळेत, मालक शुक्र. शुक्र सहाव्यात मकरेत, बुधासोबत. राहू तिसऱ्यात आणि त्याचा मालक सहाव्यात, दोन्ही उपचय स्थानं, म्हणजे परंपरेने पापग्रहांना मानवणाऱ्या जागा. राहू स्वातीत आहे, ते त्याचं स्वतःचं नक्षत्र. तिसऱ्यातला असा राहू धडपडीचा, स्वतःच्या हिमतीवर काही करू पाहणारा, बोलण्या-लिहिण्यात धीट असा वाचतात. सहावं जोडलं की स्पर्धा परीक्षा, नोकरीतली चढाओढ हे विषय येतात. 'राहू म्हणजे वाईट' एवढंच शिकून आलेल्याला इथे थांबून विचार करावा लागतो.

आता राहूकडे कोण पाहतं? कर्केतल्या मंगळाची चौथी दृष्टी तुळेवर आहे, सात अंशांच्या अंतराने. त्यामुळे राहूच्या धडपडीत चिडचिड आणि घाई मिसळली. त्याच मंगळाची सातवी दृष्टी शुक्र-बुधावर आणि आठवी कुंभेतल्या रवी-शनीवर. एकच मंगळ राहूला, त्याच्या मालकाला आणि राहू ज्याला पाहतो त्यालाही पाहतोय. पत्रिकेची खरी गाठ इथे आहे, आणि ती अ‍ॅपच्या 'राहू दृष्टी' या ओळीत कुठेच दिसत नाही.

८. ज्या ग्रहावर दृष्टी पडते त्याची प्रकृती

सप्तमात शनी स्वराशीत आहे, सिंह लग्नाला तोच सप्तमेश. घरचा धनी घरातच बसलेला. पण रवीच्या अगदी जवळ असल्याने अस्तंगत, म्हणजे त्याच्या तेजात झाकलेला. तिथेच लग्नेश रवी, म्हणजे जातक स्वतः, शत्रुराशीत. शनीची सातवी दृष्टी सिंह लग्नावर आहे, आणि केतूची पाचवीही.

नवशिका इथे दोन पद्धतींनी घसरतो. एक म्हणजे सप्तमावर राहू, लग्नावर केतू, म्हणून 'लग्न टिकणार नाही'. दुसरा म्हणजे स्वराशीचा शनी, म्हणून 'काही काळजी नाही'. वाचायचं असं: सप्तमेश आपल्या घरात, म्हणून विवाहाचा पाया आहे. रवी-शनी एकत्र आणि वर मंगळाची आठवी, म्हणून 'मी म्हणतो तेच' यावरून घासाघीस होण्यासारखी. राहूची पाचवी दृष्टी त्यात आणते ती बाहेरची हवा: जोडीदार वेगळ्या जातीचा, वेगळ्या प्रांताचा किंवा घरच्यांनी कल्पना न केलेल्या क्षेत्रातला असू शकतो, अपेक्षा मोठ्या असतात, किंवा नात्याविषयी बाहेर चर्चा जास्त होते. हे पारंपरिक संकेत आहेत, निकाल नव्हेत. घरच्यांना आंतरजातीय लग्न नको असतं तेव्हा त्यालाच 'राहूचा दोष' म्हणायची रीत पडली आहे, तेवढं ओळखायला शिका.

राहू ज्याला पाहतो त्याची भूक वाढवतो, केतू ज्याला पाहतो त्याच्यापासून मन काढून घेतो. ढोबळ सूत्र म्हणून हे चालतं. 'शनिवत् राहू, कुजवत् केतू' ही जुनी ओळ तुमच्या कानावर आलीच असेल: राहू शनीसारखा, केतू मंगळासारखा. दोन्ही एकत्र वापरा. गुरूवर राहूची नववी असेल तर ज्ञानाची, गुरूपदाची, मोठेपणाची हाव आणि सोबत रूढीला धक्का. शुक्रावर असेल तर हौस, खर्च, आकर्षण. बुधावर असेल तर डोकं चलाख, व्यवहारात पळवाटा शोधणारं. केतूची दृष्टी बुधावर असेल तर माणूस कमी बोलतो पण नेमकं बोलतो, कधी अर्धवट सोडून देतो. चंद्रावर मात्र दोघांपैकी कोणाचीही छाया असेल तर घाईने बोलू नका, मनाचा मामला आहे.

नमुन्यात चंद्र व्ययेश (बाराव्याचा स्वामी), केतूसोबत साडेसहा अंशांत, अश्विनीत, म्हणजे केतूच्याच नक्षत्रात. वर शनीची तिसरी दृष्टी. मन एकांत हवा असणारं, परदेश किंवा दूरच्या जागेची ओढ, देवाधर्माकडे किंवा त्याच्या पूर्ण उलट दिशेला जाणारं. नवमात आहे, त्यामुळे वडील, गुरू, श्रद्धा हे विषय याच्याशी बांधलेले. इथे राहूची सातवी पुन्हा जोडायची नाही, हे विसरला नाहीत ना?

रिकाम्या घरांवर पडलेली दृष्टी थोडक्यात आटपा. लाभावर राहूची नववी, तर मिळकतीचे मार्ग चाकोरीबाहेरचे, मित्र नाना तऱ्हेचे. पंचमावर केतूची नववी, तर शिक्षणात मध्येच दिशा बदलण्याचा कल. तिथला स्वामी कुठे आहे ते बघून मग पुढे जा.

जैमिनीने ताळा करून बघायचा असेल तर तूळ चर राशी, ती कुंभ, वृषभ आणि सिंहेला पाहते. मेष सिंह, वृश्चिक आणि कुंभेला. कुंभ आणि सिंह दोन्ही पद्धतींत आल्या. लग्न-सप्तमाचा अक्ष या पत्रिकेत खरोखर राहू-केतूंच्या कामाचा आहे, एवढं त्यावरून म्हणता येईल.

एक जाता जाता. या पत्रिकेत मंगळ सोडून सगळे ग्रह राहू ते केतू या अर्ध्या भागात आहेत. मंगळ कर्केत नसता तर कोणीतरी 'कालसर्प' म्हणून त्र्यंबकेश्वरचा रस्ता दाखवला असता. बृहत्पाराशरीसारख्या जुन्या आधारग्रंथात या नावाचा दोष नाही. तुम्हाला तो मानायचा तर माना, पण दृष्टीच्या अभ्यासात तो घुसवू नका.

९. कधी बोलेल?

दृष्टी पत्रिकेत जन्मभर असते, ती बोलते दशेत, म्हणजे आयुष्यातला जो काळ त्या ग्रहाला नेमून दिलेला असतो त्यात. विंशोत्तरी दशापद्धतीत राहूची महादशा १८ वर्षांची, केतूची ७ वर्षांची. नमुन्यातला जन्म केतूच्या महादशेत, तिची पावणेतीन-एक वर्षं शिल्लक. मग शुक्र २० वर्षं, रवी ६, आणि २०२३ च्या अखेरीपासून चंद्राची १० वर्षं. चंद्राच्या महादशेत राहूची अंतर्दशा साधारण मे २०२५ ते नोव्हेंबर २०२६.

गोचरीने, म्हणजे आकाशातल्या चालू स्थितीने, मे २०२५ मध्ये राहू कुंभेत आणि केतू सिंहेत आला. म्हणजे या पत्रिकेत जन्मराहू जिथे पाहतो त्याच सप्तमात चालता राहू आला, लग्नावर चालता केतू, आणि वर राहूची अंतर्दशा. नोव्हेंबर २०२५ च्या सुमारास तो जन्मीच्या रवी-शनीच्या अंशांवरून गेला. दृष्टी, दशा आणि गोचर तिन्ही एका स्थानावर बोट ठेवतात तेव्हाच त्या स्थानाबद्दल बोलायचं. तिघांपैकी एकच असेल तर वहीत लिहून ठेवा आणि गप्प बसा.

१०. समोरच्याला सांगताना

२००८ मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली होती. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या, त्यांतल्या हुशार मुलांच्या कोणत्या आणि मतिमंद मुलांच्या कोणत्या ते ओळखायचं होतं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी निम्मी बरोबर येतात. हा आकडा माझ्यासारख्या पत्रिकेच्या वेड्याने लपवू नये आणि तुम्हीही लपवू नका. परंपरेची भाषा शिकणं वेगळं आणि त्या भाषेच्या जोरावर एखाद्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडणं वेगळं. आजारपण, मूलबाळ, मृत्यू या प्रश्नांना राहूच्या दृष्टीवरून उत्तर देऊ नका. डॉक्टरकडे पाठवा. महागडे खडे किंवा शांती सुचवायची तर मुळीच नाही.

पद्धतशीर शिकायचं असेल तर रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ जवळच आहे. निदान संस्कृत श्लोक मुळातून वाचता आले की ऐकीव नियमांची गाळणी आपोआप होते.

सरावासाठी तीच तारीख, ५ मार्च १९९५, नागपूर, पण वेळ सकाळी साडेअकरा. लग्न वृषभ येईल. ग्रह त्याच राशींत, स्थानं वेगळी. आधी स्वतः मोजा, मग पडताळा: राहू षष्ठात, केतू आणि चंद्र व्ययात. राहूची पाचवी दशमावर, तिथे चतुर्थेश रवी आणि भाग्येश-दशमेश शनी. नववी धनस्थानावर. केतूची पाचवी चतुर्थावर, नववी अष्टमावर. सातव्या दोन्ही खोडलेल्या. सिंह लग्नाला विवाहाच्या प्रश्नात गेलेला रवी-शनीचा सगळा गुंता इथे नोकरी आणि वरिष्ठांच्या नावावर वाचायचा, आणि वृषभेला शनी योगकारक (शुभ फळ देणारा) मानलेला असल्याने बऱ्याच मऊ हाताने.